घरं स्वस्त करा, माझं सोडून

भोपाळ शहराचा मास्टर प्लॅन १९९५ साली लागू झाला आणि २००५ साली त्याची मुदत संपली. पुढचा प्लॅन अजून यायचा आहे. जुना लागू झाला तेव्हा दिग्विजयसिंह मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर उमा भारती झाल्या, बाबूलाल गौर झाले, शिवराजसिंह चौहान झाले, कमलनाथ झाले, पुन्हा शिवराजसिंह झाले, आता मोहन यादव आहेत. मधल्या काळात २०२१ पर्यंतचा मसुदा निघाला आणि आक्षेपांच्या गदारोळात मागे गेला. २०३१ चा मसुदा निघाला मार्च २०२० मध्ये, कमलनाथांचं सरकार शेवटच्या घटका मोजत असताना. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, मग तीही बासनात गेली आणि आता म्हणतात की एकदम २०४७ चाच प्लॅन करू. २०४७ साली मी असणार नाही, हे सांगणारेही बहुतेक असणार नाहीत. कोणी कोणाला जाब विचारायला उरणार नाही, असा मुहूर्त शोधून काढल्याबद्दल नियोजनकारांचं कौतुक करायला हवं.

शहर काही प्लॅनसाठी थांबलं नाही. १९९१ च्या जनगणनेत साडेदहा लाखांचं असलेलं भोपाळ २०११ मध्ये अठरा लाखांच्या घरात गेलं होतं. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आपण नक्की किती जण आहोत हेही सरकारला अंदाजपंचे ठाऊक. एवढं सगळं मोकळं सोडून घरांचे भाव का वाढले यावर मात्र आमच्याकडे दोन पक्षांत जी जुंपते, ती बघण्यासारखी असते.

प्लॅन नसला म्हणजे काय होतं ते जरा सावकाश सांगतो, कारण या भांडणात तेवढंच कोणी सांगत नाही. जुन्या नकाशावर जी जमीन शेतीची, ती कागदावर शेतीचीच राहते. तिच्यावर रीतसर वस्ती करता येत नाही. ज्याची पोच वल्लभ भवनापर्यंत, म्हणजे मंत्रालयापर्यंत आहे, तो नगर तथा ग्राम निवेश कायद्याच्या कलम २३-क मधून आपल्या तुकड्यापुरता बदल करून आणायच्या खटपटीला लागतो. ज्याची पोच नाही, तो शेताचे फाळके पाडून विकतो. मुरमाचा रस्ता, गटार नाही, विजेचं मीटर टेंपररी, नळ म्हणजे टँकर. तिकडे टी अँड सीपीचा, म्हणजे नगर तथा ग्राम निवेश खात्याचा, शिक्का असलेले प्लॉट मोजकेच उरतात आणि मोजक्या मालाचं जे होतं तेच त्यांचं होतं. शिक्क्याच्या जमिनीला सोन्याचा भाव, बिनशिक्क्याच्या जमिनीवर निम्मं शहर. हे कोणत्याही जागतिक मंदीमुळे झालेलं नाही. वल्लभ भवनातल्या एका फाईलवर वीस वर्षं सही न झाल्यामुळे झालं आहे. आणि सही न करण्याचं काम दोन्ही पक्षांनी सारख्याच निष्ठेनं पार पाडलं आहे.

मी नेहरू नगरात राहतो. या नावाचाही इथे वाद होतो. सकाळी आयआयएफएमच्या टेकडीच्या बाजूला फिरायला येणाऱ्यांत माझे दोन स्नेही आहेत. एक जन्माचे काँग्रेसवाले, दुसरे जन्माचे संघवाले, दोघेही पेन्शनर, दोघांचीही स्वतःची दुमजली घरं. पहिले म्हणतात, २०१४ पासून सामान्य माणसाला घर घेणं अशक्य झालं. दुसरे म्हणतात, साठ वर्षं तुम्ही काय केलंत? पहिले जीएसटी काढतात, दुसरे प्रधानमंत्री आवास काढतात. पहिले नोटबंदी, दुसरे बोफोर्स (बोफोर्सचा घराशी काय संबंध, हे विचारायचं नसतं). नेहरू नगरात राहून नेहरूंवर ताशेरे ओढणं आणि नेहरूंचं नाव घेत नेहरूंच्या काळातलं काहीच न आठवणं, या दोन कला मी रोज फुकट बघतो.

आमचा मतदारसंघ भोपाळ दक्षिण-पश्चिम. २०१३ मध्ये भाजपचे उमाशंकर गुप्ता, २०१८ मध्ये काँग्रेसचे पी. सी. शर्मा, २०२३ मध्ये भाजपचे भगवानदास सबनानी. गुप्ताही मंत्री होते, शर्माही मंत्री होते. म्हणजे आम्हाला सत्तेत वाटा मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. दोन्ही बाजूंचं करून झालं आहे.

आता करणी बघा. जुलै २०१९. कमलनाथ सरकारनं कलेक्टर गाईडलाईन, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात ती, वीस टक्क्यांनी खाली आणली. पेढे वाटले गेले. त्याच झटक्यात रजिस्ट्रीचा एकूण खर्च शहरी भागात १०.३ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर नेला. गणित करा. आधी ५० लाखांच्या गाईडलाईनवर ५ लाख १५ हजार भरायचे. मग तीच गाईडलाईन ४० लाख झाली आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी ५ लाख. वाचले पंधरा हजार, गवगवा वीस टक्क्यांचा. आणि खरी मेख पुढे आहे. ज्यानं ५० लाखांना घेतलं आणि ५० लाखच लिहून दिले, त्या शहाण्याला ६ लाख २५ हजार पडले. खरं बोलण्याचा दंड सव्वा लाख. कागदावर ४० दाखवा, दहा लाख पिशवीतून द्या, असं सरकारनं तोंडानं सांगितलं नाही. ते काम दरपत्रकानं केलं. काँग्रेसवाल्या स्नेह्यांना मी हे एकदा मांडून दाखवलं. ते म्हणाले, खजिना रिकामा ठेवून गेले होते हो हे लोक.

आणि हे लोक परत आले तेव्हा? सप्टेंबर २०२० मध्ये शिवराजसिंहांनी रजिस्ट्रीवरचा सेस दोन टक्क्यांनी कमी केला, तो डिसेंबरअखेरपर्यंतच. दिवाळीच्या सेलसारखा. दर वाढवला तेव्हा ज्यांनी बोंब ठोकली होती, त्यांना तो कायमचा उतरवण्याची संधी मिळाली होती. पण साडेबारा टक्के ही अशी चीज आहे की विरोधात असताना ती जुलमी वाटते आणि सत्तेत आल्यावर तिची सवय होते. गाईडलाईन मात्र वाढत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्षाच्या मध्येच ती वाढवायचा घाट घातला गेला, तेव्हा भोपाळचे भाजप खासदार आलोक शर्मा यांनाच आपल्या सरकारविरुद्ध बोलावं लागलं. संघवाल्या स्नेह्यांनी ही पक्षांतर्गत लोकशाही असल्याचं सांगितलं.

माझी भाची एमपी नगरात एका खासगी कंपनीत आहे, जावई दुसऱ्या कंपनीत. दोघांचे मिळून घरी सत्तर हजार येतात. आमच्या नातेवाइकांत हा पगार चांगला समजला जातो. त्यांनी ४५ लाखांचा फ्लॅट बघितला. ४५ लाख हा आकडा उगाच नाही. केंद्र सरकारच्या जीएसटीच्या हिशेबात एवढ्यापर्यंतचं घर परवडणारं, त्यावर एक टक्का कर, त्याच्या वर पाच. २०१९ पासून हा आकडा जागचा हललेला नाही, सिमेंट आणि सळई मात्र हलत राहिली. तर हे सरकारमान्य परवडणारं घर. ३० लाखांच्या वरच्या घरकर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्के देते, म्हणजे ३६ लाख. उरले ९ लाख. रजिस्ट्री साडेबारा टक्क्यांनी ५ लाख ६२ हजार, ती बँक धरत नाही. जीएसटी ४५ हजार. पंधरा लाख रोख हातात हवेत, मग घराचं कुलूप उघडतं. आणि त्यानंतर वीस वर्षं, साडेआठ टक्क्यांनी, महिन्याला ३१ हजारांहून जास्त हप्ता. भाची म्हणाली, "मामा, हे परवडणारं घर आहे, तर न परवडणारं कसं असतं?"

करात सवलत मिळते ना, असं कोणी म्हणेल. घरकर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे. ही मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात जेटलींनी दीडाची दोन केली, तेव्हापासून तिथेच आहे. भाचीच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच तीन लाखांच्या आसपास. शिवाय नवी करप्रणाली घेतली तर स्वतः राहत असलेल्या घरावर ही वजावट मिळतच नाही आणि नवी प्रणाली घ्या म्हणून सरकारच मागे लागलेलं. एका खिडकीत घर घ्या म्हणतात, दुसऱ्या खिडकीत घेतलंत तर तुमचं तुम्ही बघा म्हणतात.

आता आमच्याबद्दल बोलू, म्हणजे जे सकाळी फिरायला जातात त्यांच्याबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातली मराठी बिऱ्हाडं फायलींबरोबर भोपाळला येऊन पडली. माझे वडील त्यातलेच. इथे त्यांना काय मिळालं? तात्या टोपे नगरात क्वार्टर. पगारातून कापलं जाणारं किरकोळ भाडं, मागे अंगण, अंगणात पेरू. तिकडे भेलनं पिपलानी, बरखेड्यात कामगारांसाठी अख्खी नगरं उभी केली. आमच्या पिढीला घर परवडलं ते आमच्या कर्तबगारीमुळे नव्हे. ऐन कमाईच्या वर्षांत डोक्यावरचं छप्पर सरकारनं दिलं होतं, म्हणून चार पैसे बाजूला पडले आणि त्यातून पुढे ही दुमजली घरं झाली. काँग्रेसवालेही क्वार्टरचेच, संघवालेही क्वार्टरचेच. आज दोघंही पोरांना सांगतात की आम्ही काटकसर केली, तुम्ही बाहेरचं खाता. पोरांनी आयुष्यभर पिझ्झा खाल्ला नाही तरी त्यातून पंधरा लाख होत नाहीत, हा हिशेब कोणी करत नाही.

त्या क्वार्टरांचं काय झालं तेही बघा. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळ आलं. आधी शिवाजी नगर आणि तुलसी नगर पाडायचं ठरलं, झाडांसाठी लोक रस्त्यावर आले म्हणून गाडी तात्या टोपे नगराकडे वळवली. तिथली क्वार्टरं पडली, पत्र्याचे कठडे लागले, प्लॉट लिलावाला निघाले. शहराच्या मधोमध सरकारच्या मालकीची एवढी मोठी जमीन. तिथे भाड्याची घरं बांधायची म्हटली असती तर जमिनीचा एक पैसा लागला नसता. पण तो पर्याय भाजपनं मांडला नाही आणि काँग्रेसनं मागितलाही नाही. लिलावात बोली किती आली यावरच भांडले. जून २०२४ मध्ये पुन्हा शिवाजी नगर-तुलसी नगरात मंत्री-आमदारांच्या बंगल्यांसाठी २९ हजार झाडं तोडायचा बेत निघाला. बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या तेव्हा मागे घेतला. घरं बांधायला या शहरात जागा नाही असं कोणी म्हणू नये. कोणासाठी बांधायची एवढाच प्रश्न असतो.

ज्यांच्यासाठी बांधायची नाहीत ते आमच्यापासून फार लांब राहत नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये भदभद्याची वस्ती पाडली. ३८६ घरं, तलावाच्या काठावर, राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश. तलाव वाचलाच पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेजारचं पंचतारांकित हॉटेल त्याच तलावाकडे तोंड करून उभं आहे, हे रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसतं. वस्तीवाल्यांना एक लाख रुपये घ्या, नाहीतर शहराबाहेर जागा घ्या, असं सांगितलं गेलं. एक लाखात भोपाळमध्ये काय येतं? नेहरू नगरात त्यात गाडी उभी करायची जागाही येत नाही. आमच्या सकाळच्या मंडळात त्या आठवड्यात या गोष्टीवर अर्धा मिनिट चर्चा झाली. अतिक्रमण होतं, यावर दोन्ही पक्ष एक झाले.

अतिक्रमण हा शब्द तोंडात येतो तेव्हा या राज्यातला इतिहासही यायला हवा. १९८४ मध्ये अर्जुनसिंहांच्या सरकारनं शहरी भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. त्या काळी तो धाडसी होता, आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण त्यानंतर काँग्रेसनंही आणि भाजपनंही त्यातून एकच कला उचलली, पात्रतेची तारीख पुढे ढकलण्याची. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हसू नये. १९९५ मध्ये युतीनं चाळीस लाख झोपडीवासीयांना फुकट घरं देऊ म्हणून मुंबई जिंकली, आणि पात्रतेची तारीख तिथेही १९९५ वरून २००० वर आणि २००० वरून २०११ वर सरकलेली आहे. पक्ष बदलले, तारखा सरकण्याची दिशा एकच राहिली.

देशाचा आकडा तर याहून बोलका आहे. २०१२ साली केंद्राच्या तांत्रिक गटानं शहरांत पावणेदोन कोटींहून जास्त, नेमकं सांगायचं तर १ कोटी ८८ लाख घरांचा तुटवडा काढला. त्यातला पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त गरीब आणि कमी उत्पन्नाच्या लोकांचा. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांतच एक कोटीहून जास्त घरं कुलूपबंद सापडली होती. म्हणजे घरं होती, राहायला नव्हती. ठेवायला होती. तेव्हा सरकार मनमोहन सिंगांचं होतं. २०१५ मध्ये मोदी सरकारनं २०२२ पर्यंत सर्वांना घर म्हणून सांगितलं. २०२२ आलं, गेलं, आणि २०२४ मध्ये शहरी योजनेचा दुसरा भाग निघाला, आणखी एक कोटी घरांचा. मी घरं बांधली गेली नाहीत असं म्हणत नाही, बांधली गेली. पण कुलपात पैसा ठेवण्याच्या धंद्याला या दोघांपैकी एकानंही हात लावला नाही. रिकाम्या घरावर कर लावा म्हणून बघा, हे दोन्ही पक्ष एका रात्रीत एका व्यासपीठावर दिसतील. तिथे पहिल्या रांगेत आमचं फिरायला जाणारं मंडळही असेल, कारण संघवाल्यांचे कोलार रोडवर दोन फ्लॅट बंद आहेत आणि काँग्रेसवाल्यांचा होशंगाबाद रोडवर एक.

हे आपल्याकडचंच दळभद्रीपण आहे असं वाटत असेल तर शेजारच्यांचा मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे, त्याला विचारा. चौघांत मिळून तळघर भाड्यानं घेतलंय. तिथेही हाच तमाशा, फक्त थंडीत. कन्झर्व्हेटिव्ह म्हणतात, लिबरलांनी घरं महाग केली. लिबरल म्हणतात, आम्ही बांधतोय. मधल्या मध्ये परदेशी लोकांना घर घ्यायला २०२३ पासून बंदी घालून झाली, २०२४ च्या जानेवारीत परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली. भाडं कोणामुळे वाढलं? तर आमच्या पोरांमुळे! इकडे त्याचेच वडील भोपाळची भाडी बिहारी पोरांमुळे वाढली म्हणतात. पण कॅनडात निदान एकदा खरं बाहेर पडलं. मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण मंत्री ग्रेगर रॉबर्टसन यांना पत्रकारांनी विचारलं की घरांचे भाव उतरायला हवेत का? ते नाही म्हणाले. घरं जास्त बांधू, पण भाव उतरवणार नाही. हे गृहस्थ आधी दहा वर्षं व्हँकुव्हरचे महापौर होते, तिथले भाव आभाळाला भिडले ते त्याच वर्षांत. त्यांच्या आधी ट्रूडोही घरांची किंमत टिकली पाहिजे असं बोलून गेले होते. कारण ज्यांच्याकडे घर आहे त्यांची म्हातारपणाची पुंजी तीच. आमच्याकडे एवढं सरळ कोणी बोलत नाही. आमचे पुढारी स्वस्त घराचं आश्वासन आणि वाढत्या जमिनीचा आनंद एकाच भाषणात देतात, आणि श्रोतेही दोन्हीला टाळ्या वाजवतात. मेट्रोचा खांब उभा राहिला की आजूबाजूच्या जागा किती वाढल्या, हे आमच्याकडे विकासाचं प्रमाणपत्र म्हणून सांगतात. भाची जिथे घर शोधते आहे तिथे तेच प्रमाणपत्र तिच्या थोबाडीत बसतं.

तिनं फ्लॅटचा नाद सोडला. आता शहराबाहेर, शेताचे तुकडे पाडलेल्या एका कॉलनीत, प्लॉट बघून आली आहे. परवानगी नाही, टी अँड सीपीचा शिक्का नाही, बँकेचं कर्ज नाही. पण पंधरा लाख जे डाउन पेमेंटला जाणार होते, त्यात निदान हक्काची जमीन येते. विकणारा म्हणाला, रजिस्ट्री शेतीच्या हिश्शाची करून देतो. ती माझ्याकडे विचारायला आली, सकाळची वेळ होती, दोघेही स्नेही चहाला बसलेले. मी तिला इतिहास सांगितला. मे २०१८ मध्ये शिवराजसिंहांनी अवैध कॉलन्या वैध करायचं जाहीर केलं, ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतच्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठानं तो नियमच रद्द केला. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. मे २०२३ मध्ये पुन्हा जाहीर केलं, आता डिसेंबर २०२२ पर्यंतच्या. २०१८ हे निवडणुकीचं वर्ष, २०२३ हेही निवडणुकीचं वर्ष. तुझी कॉलनी या सगळ्या तारखांच्या नंतरची आहे, ती कुठल्याच यादीत बसत नाही, असं मी म्हणालो.

काँग्रेसवाले कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, घेऊन टाक. होतंय वैध."

संघवाले म्हणाले, "बरोबर सांगतायत ते. आज घेतलास तर घेतलास, उद्या दुप्पट होईल."

इतक्या वर्षांत त्यांचं दुसऱ्यांदा जमलेलं मी बघत होतो. भाचीनं विचारलं, "आणि या निवडणुकीत नाही झाली तर, काका?"

"तर काय," दोघांपैकी एक म्हणाले, आणि कोण ते आता मला आठवतही नाही, "पुढची आहेच की."